जपानी पाठ आणि सिंधी पापड

आमच्या शिक्षक-प्रशिक्षणांची थोरवी काय सांगू! उल्हासनगरच्या सभागृहात सकाळी चहा-बिस्किट, मग पडद्यावर सरकणारी चित्रं, आणि मग अशी सामुदायिक डुलकी, की छताचे पंखेसुद्धा दबकून फिरायचे. पण त्या वर्षीच्या प्रशिक्षक मॅडम निराळ्या निघाल्या. फिनलंडमध्ये म्हणे आपण पुढे काय शिकायचं ते शिक्षक स्वतःच ठरवतात. आणि जपानमध्ये चार शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एकजण शिकवतो, बाकीचे बघत बसतात. शिकवणाऱ्याकडे नव्हे, मुलांकडे!

"तुम्ही गटागटाने तसाच पाठ करा," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात बघण्यासारखा पाठ ज्या वर्गात होईल, त्या वर्गाच्या शिक्षकाला मी जपानला नेणार."

जपान! मी कर्जतच्या पुढे गेले ती फक्त लग्नात, तीही दुसऱ्याच्या. माझा हात आढ्याला लागेल इतका वर गेला.

आमच्या गटात बदलापूरचे एक सर, उल्हासनगरच्या एक बाई आणि अंबरनाथची मी. विषय तिसरीचे अपूर्णांक. उल्हासनगरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडचा भाजलेला सिंधी पापड घ्या. गोल आहे, आणि वासाने पोरं हलत नाहीत जागची."

पाठ ठरला, शिकवायचा मी, माझ्याच वर्गात, आणि मग मी तेच केलं जे आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी प्रत्येक शाळेत होतं. रंगीत तालीम! आठवडाभर रोज. पापड फुकट जाऊ नयेत म्हणून कागदाच्या चकत्यांवर. पोरं इतकी तयार झाली, की झोपेतही 'एक छेद दोन' म्हणायची, अशी आयांची तक्रार होती.

पाठाचा दिवस उजाडला. अंबरनाथ पश्चिमेतला आमचा वर्ग, बाकाबाकाशी प्रशिक्षणातला एकेक शिक्षक मुलाकडे टक लावून बसलेला, मागच्या भिंतीशी मॅडम. मी घसा साफ केला आणि विचारलं, "मुलांनो, या पापडाचे दोन सारखे भाग केले तर..."

"अर्धा!" वर्ग गरजला. आणि थांबेना! "पाव! पाऊण! दोन पाव म्हणजे अर्धा! चार पाव म्हणजे पूर्ण! धन्यवाद बाई!"

माझ्या तोंडून प्रश्न निघायच्या आत सगळ्या पाठाची उत्तरं ओळीने येऊन गेली. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळात तास खलास. बदलापूरच्या सरांनी कपाळावर हात मारला. माझं जपान खिडकीतून भुर्रकन उडताना मला स्पष्ट दिसलं.

आता उरलेला तास काय करू? टेबलावर पापडांची चळत होती. "घ्या," मी म्हटलं, "खरंखुरं मोडा!"

आणि झालं महाभारत. कागद घडीवर मुकाट फाटतो, भाजलेला पापड कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकाचे पाच तुकडे, एकाचा नकाशा.

"ए, तुझा अर्धा मोठा आहे!"

"चल हट, तूच कडा खाल्लीस!"

"बाई, खाल्लेला धरायचा का?"

बुवापाड्याहून येणाऱ्या एका पोरीने शांतपणे पापडाचा चुरा केला, बाटलीच्या झाकणाने मापून दोन ढीग लावले आणि म्हणाली, "हा घ्या अर्धा."

"ये क्या आधा हुआ? आकार कुठाय?" उल्हासनगरच्या बाई मुलांकडे बघायचं सोडून भांडायला उठल्या.

"आकार कशाला पाहिजे, ताई? माप सारखं आहे ना?" बदलापूरचे सर पोरीच्या बाजूने.

पोरं दोन्हीकडून ओरडायला लागली. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू गेली असेल तर ती फक्त शिपाईमामांना, कारण त्यांनीच ती दिली होती.

नंतर चर्चा. जपानी रीतीप्रमाणे शिकवणाऱ्याबद्दल अवाक्षर नाही, फक्त मुलांबद्दल. मी कान टवकारून बसले, पण माझं नावच निघेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पहिली काही मिनिटं मी पोपट बघितले. पुढे मुलं विचार करताना दिसली. इतर गटांत मला शेवटपर्यंत पोपटच दिसले. बाई, पासपोर्ट काढायला टाका. आणि पुन्हा तालीम घेतलीत तर वाटेत उतरवीन!"

मी अशी किंचाळले, की शाळा सुटली समजून शेजारच्या चौथीने दप्तरं उचलली आणि पार फाटकापर्यंत पोचली.