चौथा ठोका

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात भिंतीची गरज नव्हती, वन्सं होत्या. ओट्याखालून झुरळ गेलं तरी बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "वहिनी, काय सरकलं गं?"

नवऱ्याची ही धाकटी बहीण कान आणि मेंदू यांवर संशोधन चालतं अशा प्रयोगशाळेत कामाला. बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर तारांची टोपी चढवायची, प्रत्येक तारेखाली थंडगार जेली भरायची, कानात आवाज सोडायचे आणि मेंदू काय उत्तर देतो ते पडद्यावरच्या रेघेत बघायचं. "लोकांच्या डोक्याला चोपडून पगार घेणारी तू एकटीच," असं हे त्यांना चिडवायचे. नवा आवाज तयार झाला की पहिली टोपी त्या स्वतःच्याच डोक्यावर घालायच्या.

एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "ओळखीच्या आवाजातला शेवटचा तुकडा गाळला ना वहिनी, तरी रेघ बरोबर त्या जागी वर उठते. न आलेल्या आवाजासाठी." माझ्या अंगावर काटा आला. असलं काही जेवायच्या आधी सांगत जाऊ नका, असं मी त्यांना बजावलं.

मग सासूबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. डोळे उघडे, नजर छताला. हाक मारा, हात दाबा, उत्तर नाही. नाकातल्या नळीतून पातळ अन्न. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही कळत नाही. काही महिन्यांनी शेवटी ह्यांनी पलंगापाशी उभं राहूनच सांगितलं, "रविवारी नळी काढायची. आईचे हाल बघवत नाहीत."

"दादा, आधी मला तिला विचारू दे," वन्सं म्हणाल्या.

"विचारून काय होणार? ती बोलणार आहे का?"

"त्याला बोलावं कशाला लागतंय?"

मामंजी हयात होते तेव्हा त्यांची दार वाजवायची एक तऱ्हा होती. दोन ठोके झटपट, तिसरा जरा थांबून, आणि आतलं माणूस उठून कडीपर्यंत पोचेल एवढा वेळ घेऊन चौथा. सासूबाई आधीच येऊन कडीवर हात ठेवून उभ्या असायच्या, पण चौथा पडल्याशिवाय दार उघडायच्या नाहीत. नवराबायकोची जुनी थट्टा होती ती. मामंजी गेल्यापासून आमचं दार तसं कुणी वाजवलं नव्हतं.

वन्संनी त्याच दारावर तसे तीन ठोके वाजवून ध्वनिमुद्रित करून घेतले. चौथा घेतलाच नाही. प्रयोगशाळेतल्या अनोळखी माणसांना ते ऐकवले. तिसऱ्या ठोक्यानंतर त्यांच्या रेघा सपाट. स्वतःवर पाहिलं, ह्यांच्यावर पाहिलं. दोघांच्याही रेघा चौथ्याच्या जागी उठल्या. शनिवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या परवानगीने त्या यंत्र घरी घेऊन आल्या. आईच्या विरळ केसांत त्यांनी एकेका तारेखाली जेली भरली.

दुपारभर ते तीन ठोके सासूबाईंच्या कानात वाजत राहिले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी वन्संनी साऱ्या रेघा एकावर एक ठेवल्या. तीन ठोक्यांचे तीन बारीक उंचवटे. मग सपाट. आणि जिथे काहीच वाजलं नव्हतं तिथे रेघ वर उठली.

"आई वाट बघतेय," वन्सं म्हणाल्या.

नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला मात्र धड आनंदही होईना. इतके महिने त्या खोलीत, त्यांच्या देखत आम्ही काय काय बोललो होतो.

त्यानंतर वन्संनी एक नेम धरला. कामावरून आल्या की पलंगाच्या लाकडावर तीन ठोके द्यायच्या आणि हात मागे घ्यायच्या. मग जी शांतता पसरायची, तिच्यात आम्ही सगळेच श्वास रोखून उभे. मला त्या खोलीची भीती वाटू लागली.

"चौथा का नाही देत?" मी विचारलं.

"त्याच्यावरच तर ती टिकून आहे, वहिनी. चौथा पडला की वाट बघणं संपलं."

माया मला कळते, पण हे काही मला पटेना. कडीवर हात ठेवून उभी असलेली बाई आम्ही रोज तशीच ताटकळत ठेवत होतो. दारात आलेल्या भिकाऱ्यालाही कुणी असं वागवत नाही.

एका संध्याकाळी तिसरा ठोका झाला, वन्संनी हात मागे घेतला, आणि मी पुढे होऊन चौथा दिला. त्यांनी माझं मनगट पकडलं, पण उशीर झाला होता.

सासूबाईंचा हात चादरीवर होता. इतके दिवस निर्जीव पडलेली त्याची दोन बोटं उचलली गेली आणि कडी सरकवावी तशी हळूच बाजूला सरकली. मग त्यांची नजर छतावरून उतरली आणि आमच्या दोघींच्या मधून खोलीच्या दाराकडे गेली. तोंडभर हसू आलं.

दाराकडे आमची पाठ होती. वळून बघायचा धीर मला झाला नाही.

"वन्सं," मी विचारलं, "काही ऐकू येतंय?"

झुरळाची चाहूल लागणाऱ्या वन्संनी उत्तर दिलं नाही. माझं मनगट मात्र त्यांनी आणखी घट्ट धरलं.