उजेडात धरलेला ग्लास

लिंबायतमधल्या माझ्या भज्यांच्या गाडीवर तो रोज येतो. नाव मी कधी विचारलं नाही. पाण्याचा ग्लास आधी उजेडात धरून बघतो, मगच पितो. एकदा मला रागच आला. "भाऊ, चांगलंय माझं पाणी!"

तो ओशाळला. "सवय झालीय, ताई. पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर कामाला आहे. गटाराच्या पाण्यात तुरटी घालतो, गाळ बसला की मेम्ब्रेनच्या बारीक छिद्रांतून गाळतो आणि असंच बघतो. मग ते कापड रंगवायला डाईंग मिलला जातं."

आमचे हे डाईंग मिलमध्येच आहेत. पूर्वी उन्हाळ्यात पाण्यावाचून मिल बंद पडायची, हे घरी बसायचे. ते पाणी यायला लागल्यापासून एकदाही बसले नाहीत.

आता त्याला पाणी देण्याआधी ग्लास मीच उजेडात धरून बघते.