माह्या नावावरचं ‘अनविलिंग’

“तुम्हाला अर्थ कशाला हवाय, बाई? सही येते ना?”

मोठे बाबू भर हापिसात बोलले. माह्या एका हातात चहाचा ट्रे. सगळे हासले. ज्यांच्यासाठी चहा आणला, तेही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

बुलढाण्यातल्या या हापिसात मी शिपाई. नवरा वारला, त्याच्या जागेवर लागली. बारा वर्सं फायली उचलून राह्यली. टायपिंगची परीक्षा पास झाली, अन् यंदा क्लार्कच्या बढतीत माहं नाव पह्यलं होतं. यादीत माह्या खाली बाबूच्या मर्जीतला एक माणूस.

त्या दिवशी बाबूनं एक कागद पुढं केला. चार ओळी, सगळ्या इंग्रजीत. म्या एका शब्दावर बोट ठेवलं. अनविलिंग. “याचा अर्थ काय, साहेब?” एवढंच इचारलं होतं.

हासणं झाल्यावर बाबू म्हणे, “म्हणजे सध्या घाई नाही. रूटीन आहे, करा सही.”

डोक्यात किडा वळवळला. आमच्याकडं रजेचा अर्ज मराठीत, मेमो मराठीत, संडासावरची पाटीबी मराठीत. मंग हाच कागद इंग्रजीत काऊन? अन् एवढा गोड आवाज काऊन?

“उद्या करते,” म्हटलं अन् कागद पिशवीत टाकला.

जेवणाच्या सुट्टीत टायपिंग क्लासच्या मॅडमकडं गेली. तिनं जाडी डिक्शनरी काढली. अनविलिंग, म्हणजे राजी नसलेला. मंग पुरा कागद वाचून दाखवला. मी बढतीले राजी नाही, माहा हक्क सोडते, असं मीच लिहून देऊन राह्यली होती!

राजी! लग्नात मले कोणी इचारलं नाही, तू राजी हायेस का. जल्मात पह्यल्यांदा हा शब्द माह्या वाट्याले आला, अन् उत्तर दुसऱ्यानंच टाइप करून ठेवलेलं. आंगाची आग आग झाली.

तिथंच बसून अर्ज टाइप केला. मराठीत. ‘मी बढतीस राजी आहे. मला खोटा अर्थ सांगून सही मागण्यात आली.’ हापिसात येऊन आवक खिडकीवर नंबर टाकून घेतला, शिक्का मारून घेतला. एक प्रत बाबूच्या टेबलावर ठेवली.

वाचता वाचता त्यायचं तोंड उतरलं. “एवढं मनावर घेऊ नका, बाई. मी आहे ना.”

“तुमी हाय म्हणूनच त नंबर घेतला,” म्या म्हटलं.

या वक्ती कोणी हासलं नाही.

बढतीचं पत्र अजून आलं नाही. येईल का, माहीत नाही. नाही म्हणायचं असंल त त्यायनं म्हणावं, सोताच्या सहीनं. माह्या हातानं माहं नाव मी खोडणार नाही.