क्षणभर जगलेल्याचं वजन

मित्रांनो, वसमतच्या नेट कॅफेत बसून लिहून राहिलो. घरात बसवत न्हाई.

दुपारी जेवताना आत्यानं विचारलं, "पीएचडीत करतोस तरी काय रं?" मी फुशारकीनं सांगितलं, वायूत रॅडिकल नावाचे रेणूंचे तुकडे तयार होतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतात. तेवढ्यात आमचं मशीन त्यांचं वजन घेतं. वजनावरून आमी त्यांना ओळखतो, नावानिशी लिहून ठेवतो.

धाकटी बहीण चुलीपाशी भाकरी थापत होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दोन महिन्यांमागं तिची पोरगी अर्धा तास जगून गेली.

तिचे हात थांबले. "दादा, माझ्या पोरीचं वजन किती होतं?"

कुणालाच माहीत न्हाई. दवाखान्याच्या कागदावर वजनाची जागा कोरी होती. त्या कागदावर सही मीच केली होती.

आई म्हणाली, "बारशाआधी गेलेलं लेकरू गिनतीत धरत न्हाईत. भाकर करपून राहिली, बघ."

बहिणीनं भाकर उलटली आणि माझ्याच ताटात वाढली.

मी ती खाल्ली. वर दूधही मागितलं.

तुमच्या घरात अशी किती लेकरं झाली, कधी विचारलंय?