सुई जिथं टोचली नाही

मी नांदेडला एमआरआयच्या मशीनवर काम करतो. पेशंटला नळीत सरकवायचं, हलू नका म्हणून दहादा बजावायचं आणि काचेमागं बसून फोटो काढायचे. नातेवाईक मला डॉक्टर म्हणतात आणि मीही दुरुस्त करत बसत नाही. फोटोत काय दिसतं ते सांगायचं काम मात्र खऱ्या डॉक्टरांचं. टेक्निशियननं तोंड उघडायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मला नेहमीच सोयीचा वाटला. ज्या दिवशी मोडायला हवा होता, त्या दिवशीही मी तो काटेकोर पाळला.

या कामाला मला अक्कानं लावलं. अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंप झाला तेव्हा ती लातूरला बीएस्सीला होती आणि मला शाळेसाठी तिनं आपल्या खोलीवर आणून ठेवलं होतं, म्हणून आम्ही दोघं वाचलो. त्या सकाळी गावाकडून आलेल्या एका जीपवाल्यानं सांगितलं, ‘तुमच्या गावात न्हाई झालं तितकं काही, तिकडं पलीकडं लई वाईट हाय.’ आम्ही खोलीवर परत आलो. अक्कानं चहा केला, मला आंघोळ घातली, शेजारच्या मुलींना धीर देऊन आली. दुपारी खरी बातमी कळली. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दोघंही घराच्या दगडाखाली गेले होते.

पुढं कितीतरी वर्षांनी अक्का एकदा म्हणाली, ‘तो अर्धा दिवस लई चांगला गेला बघ आपला.’ मला तिचा राग आला होता. अर्धा दिवस आपण येड्यासारखं चहा पीत बसलो, यात चांगलं ते काय? पण तिच्या हिशेबानं त्या अर्ध्या दिवसात आई-दादा जिवंत होते, आणि जीपवाल्याला आणखी दोन प्रश्न विचारले असते तर तेवढेही राहिले नसते. तेव्हापासून चांगली बातमी आली की अक्का तिला हात लावायची नाही. आली तशी घ्यायची आणि गप्प बसायचं. हा गुण म्हणा की खोड म्हणा, माझ्यातही तिच्याकडूनच आला.

मग लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. अक्का जीवशास्त्र शिकवायला लागली. आधी पत्र्याच्या शेडमध्ये वीस पोरं, मग मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दोनशे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, भौतिकशास्त्र शिकवायचे. दोघांनी मिळून क्लास काढला. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो लागत आणि त्यांच्या वर कोपऱ्यात हे दोघं. दाजी माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की समोर बॅच बसलीय असंच समजतो. लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही ते शेजारच्याला मागच्या वर्षीचा कटऑफ सांगत होते, हे मी कानांनी ऐकलंय.

अक्काला फेब्रुवारीत फिटचा पहिला झटका आला, वर्गातच. दाजी तिला गाडीत घालून थेट माझ्याकडं नांदेडला घेऊन आले. घरचंच मशीन आहे म्हणाले. मी अक्काच्या हातातल्या बांगड्या काढल्या, मंगळसूत्र दाजींकडं दिलं आणि तिला नळीत सरकवलं. ती आतून म्हणाली, ‘हलू नका म्हणायचं राहिलं की रे.’

मेंदूत गाठ होती, डाव्या बाजूला, लिंबाएवढी, बोलण्याच्या जागेला लागून. मी शिरेतून औषध सोडून पुन्हा फोटो घेतले. भडक, रागीट गाठी हे औषध पितात आणि पांढऱ्याफेक उठून दिसतात. हिची गाठ करडीच राहिली. माझा जीव भांड्यात पडला. तरीही सवयीनं मी स्क्रीनवरचा उजेड-अंधार कमीजास्त केला, तेव्हा गाठीच्या मागच्या कडेला नखाएवढा एक फिकट डाग दिसला. दिसला म्हणजे दिसलाच. मी पुन्हा उजेड वाढवला आणि तो गेला. आमच्या डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख आला नाही. नसेल काही, असं मी मनाला सांगितलं आणि मनानं ते लगेच ऐकलं.

मार्चमध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी कवटीला बारीक छिद्र पाडून सुईनं गाठीचा तुकडा काढला. बोलण्याच्या जागेमुळं सगळी गाठ काढता येत नव्हती. तपासणीचा निकाल आला, दुसरी पायरी. चारात दुसरी म्हणजे सावकाश वाढणारी, वर्षानुवर्षं निघतात. दाजींनी दवाखान्याच्या कँटीनमध्येच पेढे वाटले. निकाल लागला की पेढे, एवढंच आम्हा लोकांना कळतं.

पण ते डॉक्टर चिवट होते. हिंदी-तेलुगू मिसळून ते समजावत राहिले. गाठ एक दिसते, पण आतून एकसारखी नसते. एका कोपऱ्यात शांत पेशी असतात, दुसऱ्यात माजलेल्या. सुई एकाच जागी टोचते आणि तिथलंच सांगते. त्यांच्याकडं नवीन तपासणी आली होती. गाठीच्या कुठल्या भागात रक्त किती खेळतं, कुठं कसली रसायनं जमलीत, याचा रंगीत नकाशाच निघायचा. तो काढू, त्यात वाईट जागा दिसली तर तिथून पुन्हा तुकडा घेऊ आणि लगेच शेक सुरू करू, असं त्यांचं म्हणणं. शेक म्हणजे किरणांचा उपचार. नकाशात काही नाही निघालं तर सहा महिन्यांनी या.

दाजी माझ्याकडं वळून हसले. ‘चांगले मार्क पडल्यावर कोणी रिचेकिंगला टाकतं का?’

हे वाक्य लातूरबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. निकालानंतर आमच्या क्लासच्या ऑफिसात गर्दी व्हायची ती पेपर पुन्हा तपासून घेणाऱ्यांची. ज्याचे कमी पडलेत त्यानं जरूर टाकावं, पण ज्याचे अपेक्षेपेक्षा जास्त आलेत त्याला हे दोघं हात जोडून सांगायचे, बाबा, फॉर्म भरू नकोस, मार्क कमीही होऊ शकतात. अक्कानं हा सल्ला शेकडो पोरांना दिला असेल आणि प्रत्येक वेळी तो बरोबरच होता. कागदावरचे मार्क कोणी उघडून बघेपर्यंत तेवढेच राहतात. गाठ तशी नसते, हे त्या खोलीत मला सगळ्यात जास्त माहीत होतं. माझा पगारच त्याचा होता.

अक्का पलंगावर बसली होती, डोक्याला पट्टी. ती म्हणाली, ‘परीक्षा दीड महिन्यावर आलीय, बॅच अशी अर्धी टाकून कसं जमंल? सहा महिन्यांनी येऊ की.’ मग तिनं माझ्याकडं बघितलं. ‘तुला काय वाटतंय?’

तो नखाएवढा डाग माझ्या डोळ्यांपुढं होता. मी म्हणालो, ‘चांगलं आलंय, तर कशाला उकरायचं?’

मला भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला तो पेढा हवा होता. तोंडातला गोडवा मला आणखी थोडे दिवस पाहिजे होता. याला मी प्रेम वगैरे म्हणणार नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला, नवे फोटो चौकात चढले. ऑगस्टमध्ये अक्का वर्गात पेशीचं चित्र काढत होती आणि पेशीभित्तिका हा शब्द तिला येईना. खडू फळ्यावर टेकवून उभी राहिली. पोरांना वाटलं, मॅडम आपल्याला विचारून राहिल्यात. पुढच्या बाकावरच्या मुलींनी एका सुरात उत्तर दिलं. अक्का त्यांना शाब्बास म्हणाली, खाली बसली आणि तिला पुन्हा उठता आलं नाही.

या वेळी हैदराबादला कोणी रिचेकिंगचं नाव काढलं नाही. नकाशा निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं, मी या धंद्यातला म्हणून. काळ्या पडद्यावर अक्काचा मेंदू आणि त्यात गाठ. बराचसा भाग निळा, मध्ये हिरवे पट्टे, पुढच्या बाजूला जिथं सुई टोचली होती तिथं तर अगदी शांत निळं. आणि मागच्या कडेला लालभडक. लाल आता नखाएवढं राहिलं नव्हतं, सुपारीएवढं झालं होतं. रंग इतके सुंदर होते की मला शिसारी आली. त्या लाल भागातून तुकडा काढला. चौथी पायरी.

मी विचारलं, हे तेव्हाही असेल का? डॉक्टर म्हणाले, असणारच. तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी खांदे उडवले नाहीत, उगीच धीरही दिला नाही. बरी झाली नसती, म्हणाले, पण काही महिने मिळाले असते, कदाचित वर्षही. बोलती-चालती. मी बाहेर येऊन दाजींना सांगितलं, शेक लगेच सुरू करायचाय. बाकीचं गिळलं.

शेक झाला, गोळ्या झाल्या. केस गेले, उजवा हात गेला, शब्द एकेक करून गेले. मी दर रविवारी नांदेडहून एसटीनं जायचो. दाजींनी शिकवणं सोडलं होतं. ते अक्काच्या उशाशी बसून राहायचे आणि मी दिसलो की तेच सुरू करायचे. ‘मीच नको म्हटलं, मीच मारलं तिला. रिचेकिंगची दुर्बुद्धी मला कुठून सुचली?’ आता त्यांच्यापुढं बॅच नव्हती, तरी ते थांबत नव्हते. मी म्हणायचो, असं नका बोलू दाजी. याच्या पलीकडं माझी जीभ रेटायची नाही.

एका रविवारी दाजी औषधं आणायला गेले असताना अक्कानं डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. ती जोडून जोडून बोलली. ‘नांदेडला... मशीनवर... तू... बघितलं होतंस?’

त्या दिवशी काचेमागं मी किती वेळ लावला, हे तिनं नळीत पडल्या पडल्या मोजलं असावं. मी म्हणालो, ‘नाही अक्का. काहीच दिसत नव्हतं. तेव्हा नकाशा काढला असता तरी काही निघालं नसतं.’

ती माझ्याकडं बघत राहिली. वीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेली बाई. कुठलं उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिलंय, हे तिला अक्षरावरून कळायचं. मग म्हणाली, ‘बरं.’ आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘दाजींना... सांग. हेच.’

मी सांगितलं. दाजी आले, औषधांची पिशवी हातात तशीच, आणि मी अक्कासमोर त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. मशीनवरच्या माणसाच्या आवाजात, खात्रीनं. मार्चमध्ये तो भाग तयारच झाला नव्हता, तुमचा निर्णय बरोबर होता. ते दारातच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. अक्कानं डोळे मिटून घेतले. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, की मी खोटं बोलतोय हे ओळखून तेच खोटं नवऱ्यासाठी मागून घेतलं, हे मला आजवर कळलेलं नाही. दुसरं असेल तर जाताना तिनं दाजींची सुटका केली आणि माझ्यासाठी काहीच मागे ठेवलं नाही. त्यानंतर ती अकरा दिवस होती, पण बोलली नाही.

तेरवीला जेवणं उरकल्यावर पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलंच, आधी कळलं नव्हतं का हो? दाजी शांत होते, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘काही दिसतच नव्हतं. हा आपला घरचाच माणूस मशीनवर होता. याच्या नजरेतून सुटलं नसतं.’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.