प्रॅक्टिस हाऊसचे पाहुणे

आमच्या कॉलेजच्या मागे, बुचाच्या झाडांपलीकडे, लाल कौलांचं एक बैठं घर होतं. त्याला प्रॅक्टिस हाऊस म्हणत. होमसायन्सच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनी गटागटाने तिथे काही आठवडे राहायचं आणि नवरा वगळून संसार करायचा. आळीपाळीने प्रत्येकीने ‘गृहिणी’ व्हायचं, बाकीच्यांनी तिच्या हाताखाली स्वयंपाक, झाडलोट, बाजार बघायचा. मॅडम कधीही येत, दाराच्या चौकटीवरून पांढरा रुमाल फिरवत, आणि रुमाल मळला की मार्क कापत. हल्ली म्हैसूरमध्ये कुणाला हे सांगितलं तर हसतात. हसण्यासारखं होतंच. पण मला त्या घराचा राग अजून येतो, आणि गेल्या महिन्यात तो पुन्हा ताजा झाला.

आमच्या डिग्रीला लोक लग्नाची डिग्री म्हणत. माझी आत्या तर तोंडावर म्हणायची, “भात शिजवायला बी.एस्सी. कशाला ग? सुम्ने, उगीच फी भरायची. माझ्याजवळ ये की, मी शिकवते.” तिचं फारसं चुकत नव्हतं. कॉलेजात मुलगे नव्हते आणि फाटक दिवेलागणीला बंद व्हायचं, एवढ्यावर खूश होऊन आईबापांनी आम्हाला तिथे घातलं होतं. घरी कुणी तोंडात घालणार नाही असा व्हाइट सॉस आम्ही शिकलो. गवत भरलेल्या पेटीत भात आपोआप कसा शिजतो ते शिकलो. काटेचमचे कुठे मांडायचे ते पाठ केलं आणि घरी जाऊन पाटावर बसून जेवलो.

माझी मैत्रीण मात्र हे सगळं मनापासून शिकत होती. आमच्यासारखंच तिचंही घर म्हैसुरात मुरलेलं मराठी घर होतं, आमच्या मागच्याच गल्लीत. एकदा बंगळूरच्या एका हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई व्याख्यानाला आल्या. साखरेच्या रोग्याला काय द्यायचं, मूत्रपिंड बिघडलेल्याला काय, एकाच घरातल्या एकाच रव्याचं त्यासाठी काय काय करता येतं, हे त्यांनी तासभर सांगितलं. बाकीच्या जांभया देत होत्या. ही बाहेर आली ती लालबुंद होऊन. “ह्याला शिकणं म्हणतात,” म्हणाली. त्या बाईंनी तिला सांगितलं होतं, फर्स्ट क्लास आण आणि माझ्याकडे ये, ट्रेनिंगला घेते. तिच्या वडलांनीही शब्द दिला होता, डिग्री होईपर्यंत लग्नाचं नाव नाही. तेव्हापासून ती बंगळूरवरच जगत होती.

प्रॅक्टिस हाऊसची शेवटची परीक्षा पाहुण्यांची असे. त्या आठवड्याच्या गृहिणीने बेत ठरवायचा, पाहुण्यांना बसवायचं, वाढायचं, गप्पा मारायच्या. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत पेन्सिल घेऊन बसत. पाहुणे म्हणजे दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक. ते पोटभर खात, वा वा करत आणि जात.

हिच्या पाळीला प्राध्यापक आले नाहीत. एक वयस्कर जोडपं आलं, नथ घातलेल्या एक आत्याबाई आल्या आणि त्यांच्यामागून टेरिलीनच्या शर्टातला एक तरुण. मॅडम कन्नडात म्हणाल्या, “आज मुद्दाम बाहेरचे पाहुणे बोलावलेत. खऱ्या घरात कोण येईल ते आपल्या हातात असतं का?” आम्हाला वाटलं, परीक्षा जरा अवघड केली आहे. स्वयंपाकघरात कॉफी गाळताना मी सहज खिडकीतून बघितलं, तर फाटकाबाहेर तिचे वडील सायकल धरून उभे. आत येत नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं.

ती खारा भात आणि केसरी भाताच्या, म्हणजे उपम्याच्या आणि शिऱ्याच्या, बशांचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मी पाण्याचे पेले घेऊन मागे होते. आत्याबाईंनी बशी घेतली, तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “गोत्र कुठलं ग तुमचं? काश्यप नव्हे, अल्वा? नव्हे ना?”

परीक्षेच्या पाहुण्यांना गोत्र कशाला हवं? तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. टाकून दे तो ट्रे, असं मी मनात ओरडत होते. एक बशी फुटली असती, एक केसरी भात त्या शर्टावर सांडला असता, तरी मुलगी धांदरट आहे म्हणत मंडळी वाटेला लागली असती. कोपऱ्यात मॅडमची पेन्सिल चालू होती. तिने ट्रे टाकला नाही. गोत्र सांगितलं, हसली, वयाच्या क्रमाने सगळ्यांना बशा दिल्या. कपबशीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

कॉफी न्यायला ती आत आली. “सांडलं तर मार्क जातील,” ती म्हणाली. “मार्क गेले की बंगळूर गेलं. बघू देत की त्यांना. मी पहिली आले तर अप्पा कसे नाही म्हणतील?” आम्हाला तीन वर्षं हेच शिकवलं होतं, की नीट केलेल्या कामाचे मार्क मिळतात. दुसऱ्या कुठल्या मुलीने तिच्या जागी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, तोतरं बोलली असती, काहीतरी केलं असतं. आमची हुशार मुलगी मात्र स्वतःला नाकारू द्यायच्या ऐवजी पहिली आली.

खरंच पहिली आली. एवढे मार्क कुणाला पडले नव्हते. मॅडमनी ते वर्गात सांगितलं आणि वर कौतुकाने म्हणाल्या, “एका पाहुणचारात दोन्ही कामं झाली!” बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना वाटलं, आपण एका मुलीचं भलं केलं. दुष्ट असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान शिव्या तरी धड देता आल्या असत्या.

लग्न डिग्रीच्या लेखी परीक्षेच्या आधीच झालं. सासरच्यांनी कबूल केलं होतं, परीक्षेला पाठवू. पहिल्या पेपरच्या सकाळी माझ्यापुढचा बाक रिकामा होता. नंतर कळलं की धाकट्या दिराची मुंज होती, आणि थोरली सून कार्याचं घर सोडून पेपर लिहायला कशी जाणार? पुढच्या वर्षी ती गरोदर होती. त्यानंतर विषय कुणी काढला नाही. मी शाळेत शिक्षिका झाले. हळदीकुंकवाला, लग्नामुंजीत आम्ही भेटत राहिलो. लोक तिच्या हाताच्या चवीची तारीफ करत आणि ती पुढच्या पानाकडे वळे.

गेल्या महिन्यात ती गेली. गावाबाहेर हिनकलला त्यांच्या घरी वैकुंठ समाराधनेचं, तेराव्याचं, जेवण होतं. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर तिची मुलगी माझ्याशेजारी येऊन टेकली. बँकेत आहे, पंचेचाळिशीची असेल.

“मावशी, तुम्ही आईच्या क्लासमध्ये होता, अल्वा?” तिने विचारलं. “एक विचारू? इतकी चांगली होती ती सगळ्यात, मग नापास कशी झाली ओ?”

“कोण नापास?”

“आई. घरात सगळे चिडवायचे की. सांबारात मीठ कमी पडलं की आमचे अप्पा म्हणायचे, होमसायन्स नापास. ती पण हसायची.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “पीयूसीच्या परीक्षेत माझं मॅथ्स गेलं. आई समजवायला आली तर मी म्हटलं, तू स्वतः नापास, मला काय सांगतेस.”

माझ्या अंगाची आग झाली. सुनेला परीक्षेला पाठवलं नाही, हे चारचौघांत सांगायला नको, म्हणून तिलाच नापास करून टाकलं होतं. जन्मभर. मी त्या पोरीला सगळं सांगितलं. फाटकाबाहेरची सायकल, गोत्र, रिकामा बाक, काही मऊ करून सांगितलं नाही. 

“मग मला का नाही सांगितलं तिनं?”

“मला माहीत नाही ग,” मी म्हटलं. मला मैत्रिणीचाही राग आला. गेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला.

शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसली होती. तिचे वडील, एके काळचा तो टेरिलीनच्या शर्टातला तरुण, भात मागत होते. ती उठली, भाताचं पातेलं घेतलं आणि त्यांच्या पानासमोर जाऊन उभी राहिली.

“अप्पा, आई परीक्षेला बसली होती का?”

 त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. “घरात तसं सांगायचं ठरलं होतं त्या वेळी,” ते म्हणाले. “आता काय त्याचं?”

“बसली होती का, तेवढं सांगा.”

“नाही.” मग त्यांनी पानावर आडवा हात धरला. “पुरे,” म्हणाले.

तिने भाताचं एक शीतही अजून वाढलं नव्हतं.