नानांचा पहिला सूर

माझ्या बासरीच्या वर्गात सात वर्षांची मुक्ता आणि चौऱ्याहत्तरीचे नाना एकाच सतरंजीवर बसतात. नाना इतक्या जोरात फुंकत, की समोरच्या गॅलरीतले ओले कपडे वाळून जात. पण तीन महिन्यांत सूर एकदाही नाही. सूर मोठा खट्याळ, वयाचा मान ठेवत नाही.

काल नाना म्हणाले, "आज नाही वाजली, तर उद्यापासून येत नाही."

मी शिक्षक, म्हणून ओठ कसे ठेवायचे ते पुन्हा एकदा सांगितलं. मुक्ता म्हणाली, "आजोबा, बशीतला चहा फुंकता ना, तेवढंच फुंका."

नानांनी फुंकलं. बारीकसा, थरथरता सूर निघाला. दम संपला, सूर गेला, तसे नाना घाबरले.

"आता परत येईल ना गं?"

"येईल की! माझापण रोज जातो."